सावलीत फुलणारे कंद

इंग्रजीच्या पुस्तकात बर्फातून डोके वर काढणाऱ्या फुलांचे वर्णन वाचून एका विद्यार्थ्याने आम्हांस विचारले, "सर, हे फूल इतवारीत आमच्या अंगणात लावता येईल काय? आमच्याकडे ऊन फारसे येत नाही." दूरदेशीच्या फुलाची ही ओढ काही नवी नव्हे. १८०५ साली मराठी व्याकरण छापणारे मिशनरी विल्यम केरी ह्यांनी श्रीरामपूर येथील आपल्या बागेत, इंग्लंडहून आलेल्या बियांच्या पिशवीतील माती सावलीच्या जागी झटकली. काही दिवसांनी तेथे स्वदेशीचे डेझीचे रोप उगवलेले पाहून त्यांस अपार आनंद झाला. आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर मात्र थोडे विस्ताराने दिले पाहिजे.

प्रथम कंद म्हणजे काय ते पाहू. स्वयंपाकघरातील कांदा उभा चिरावा. तळाशी एक कठीण, चपटी चकती दिसते. तेच त्याचे खोड. मुळे तिच्या खालून फुटतात. तिच्यावरील मांसल पापुद्रे ही पाने होत, व मधोमध इवलासा कोंब असतो. पापुद्र्यांत साठविलेले अन्न ही पुढील ऋतूची शिदोरी होय. आले व हळद ह्यांचे गड्डे म्हणजे जमिनीखालची खोडेच. रचना निराळी, परंतु शिदोरी बांधून निजण्याची रीत एकच.

आता थंड देशाकडे वळू. इंग्लंडातील रानात स्नोड्रॉप, ब्लूबेल इत्यादी कंद वृक्षांखालीच वाढतात. वृक्षांची पालवी दाट होण्यापूर्वी उघड्या फांद्यांतून जे ऊन खाली येते, तेवढ्यात ते आपले फुलणे उरकून घेतात व उन्हाळ्यात जमिनीखाली निजतात. अशा कंदांस हिवाळ्याची दीर्घ थंडी लागते. ट्युलिपचा कंद सुमारे १२ ते १६ आठवडे ९ अंश सेल्सिअसहून कमी उष्णतेत राहिल्यावाचून नीट फुलत नाही. त्या थंडीत कंदातील पिष्ट पदार्थाची साखर होते व दांडा लांब वाढण्यास समर्थ होतो. श्रीनगर येथील ट्युलिपची बाग मार्चअखेर व एप्रिलात बहरते, ती काश्मीरच्या हिवाळ्यामुळेच. आपल्या नागपुरास डिसेंबर-जानेवारीत काही रात्री पारा १० अंशांच्या जवळ येतो खरा. परंतु दुपारी पुन्हा ऊब येते. म्हणून ते फूल येथे लावू नये, हेच उत्तर.

मग इतवारीच्या सावलीतील अंगणाने रिकामेच राहावे काय? मुळीच नाही. त्याकरिता आपल्याकडे भुईचाफा आहे. संस्कृतात ह्यास भूमिचंपक म्हणतात. हा हळदीच्या कुळातला. ऐन चैत्र-वैशाखात, पान एकही नसताना, कोरड्या जमिनीतून ह्याची पांढरी-जांभळी सुवासिक फुले थेट वर येतात. एकेक फूल अल्पकाळ टिकते, पण मागून दुसरे उमलते. त्यानंतर पाने येतात. त्यांची खालची बाजू जांभळट असते.

ह्या झाडाविषयी आमचे अज्ञान आम्ही येथे कबूल करतो. प्रथम आम्ही दोन कुंड्यांत गड्डे लावले. डिसेंबरात पाने पिवळी पडली. झाड तहानले असे समजून एका कुंडीस आम्ही नित्य पाणी घालू लागलो. गड्डा कुजून गेला. दुसरी कुंडी जिन्याखाली पडून राहिली. ती रिकामी समजून घरच्या मंडळींनी माती ओतून देण्याचे ठरविले होते; तोच एके सकाळी तीत फूल दिसले. झाड मेले नव्हते, निजले होते. थंड देशातील कंदास थंडीची झोप लागते, तशी ह्यास कोरडेपणाची लागते.

लागवड सोपी आहे. मे अखेरीस किंवा जूनच्या आरंभी गड्डे दोन-तीन बोटे खोल लावावेत. आपली काळी माती पाणी धरून ठेवते. म्हणून तीत वाळू व चांगले कुजलेले शेणखत मिसळावे, आणि कुंडीच्या तळाचे भोक खापरीने झाकावे. सकाळचे कोवळे ऊन व पुढे दिवसभर सावली अशी जागा उत्तम. पावसाळ्यात पाणी साचू देऊ नये. पाऊस उघडल्यावर माती वाळेल तसे पाणी द्यावे. पाने पिवळी पडू लागताच पाणी बंद करावे व कुंडी सावलीत कोरडी ठेवावी. कळीचे टोक दिसले की थोडे शिंपडावे. कुंडीवर नाव लिहून ठेवण्यास विसरू नये, नाही तर कोणी तरी माती ओतून देईल!

प्रभू येशूने डोंगरावरील प्रवचनात रानातील फुलांकडे लक्ष देण्यास सांगितले. त्या देशातही हिवाळ्यात पाऊस पडतो, वसंतात रान फुलते, आणि ॲनिमोनीसारख्या फुलांचे गड्डे कोरडा उन्हाळा जमिनीखाली काढतात. ज्यांनी ते उपदेशवचन ऐकले त्यांस ही झोप ठाऊकच असावी.

परीक्षेत एकदा नापास झालेल्या मुलाचे नाव काढून त्यास दुकानात बसविण्याकरिता आलेले पालक आम्ही पाहिले आहेत. त्यांचा हेतू वाईट नसतो. घरची ओढाताण आम्ही जाणतो. तरी त्यांस आमची नम्र विनंती आहे की, कुंडी ओतून देण्यापूर्वी एक ऋतू थांबावे.

आमच्या कुंडीतील गड्डे आता वाढले आहेत. ज्या विद्यार्थ्यास हवा असेल त्याने उन्हाळ्याच्या सुटीअखेर रिकामी कुंडी घेऊन आमच्याकडे यावे.