सुट्या भागांची सोयरीक

कोथरूडच्या घरात मावशीने गॅलरीतलं एक उभं कपाट सायकलीला दिलं आहे. वरच्या खणात पान्हे, मधल्यात ट्यूब आणि केबली, खालच्या खणात बिस्किटांच्या जुन्या डब्यांत छर्रे, वॉशर आणि काढून ठेवलेले झिजलेले भाग. प्रत्येक भागाला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली. मावशीचं वय एकसष्ट. २०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे लांब पल्ल्याची सायकलफेरी, ती साडेतेरा तासांच्या मुदतीत पुरी करते, वाटेतल्या घाटांसकट. मी गेल्या वर्षी हायब्रिड सायकल घेतली. यंदा दिवाळीचा बोनस हातात आला आणि यादी घेऊन मी तिच्याकडे गेलो.

मावशी : वाच.

मी : कार्बनची सीटपोस्ट. लाल ॲल्युमिनियमची पेडलं. जेलचं सीट कव्हर. चाळीसएक हत्यारांची पेटी. मोबाइल होल्डर. आणि मागचा टायर झिजलाय, तो एक.

मावशी : ज्याच्यावर तू बसून रस्त्याला टेकतोस, तो सगळ्यांत शेवटी? बरं, टायर कुठल्या मापाचा आणणार?

मी : अठ्ठावीस इंची. दुकानात सांगितलं की देतात ना.

मावशी : खाली पार्किंगमध्ये तुझ्या आजोबांची, नानांची सायकल उभी आहे. तिचाही टायर अठ्ठावीस इंचीच. तो काढून तुझ्या रिमवर चढवलास तर पट्ट्यासारखा ढिला बसेल. तुझा टायर तिच्या रिमवर चढणारच नाही.

मी : दोन्ही अठ्ठावीस असून?

मावशी : इंचांची नावं जुन्या काळची आहेत. टायर फुगल्यावर बाहेरून साधारण किती मोठा दिसतो, त्यावरून पडलेली. रिमवर टायरची कड जिथे टेकते तिथला व्यास महत्त्वाचा, आणि तो टायरच्या बाजूला बारीक अक्षरांत कोरलेला असतो. तुझ्या टायरवर ३५-६२२ असं असेल. ३५ मिलिमीटर रुंदी, ६२२ मिलिमीटर व्यास. नानांच्या टायरचा व्यास ६३५. तेरा मिलिमीटरचा फरक, आणि नाव एकच. त्यात आणखी गंमत बघ, डोंगरी सायकलीचा एकोणतीस इंची टायर असतो ना, त्याचाही व्यास ६२२ च.

मी : म्हणजे २९ आणि माझा २८ एका रिमचे, आणि माझा २८ आणि आजोबांचा २८ वेगळ्या?

मावशी : हो. सव्वीस इंचीतही असेच दोन व्यास आपल्याकडे सर्रास मिळतात, ५५९ आणि ५९०. म्हणून इंच सांगायचेच नाहीत. दुसरा आकडा आधी सांगायचा, मग रुंदी.

मी : आजोबांनी कधी असले आकडे पाहिले होते?

मावशी : त्यांना गरज नव्हती. त्या काळ्या सायकली जवळजवळ सगळ्या एकाच इंग्रजी ठेवणीच्या. अठ्ठावीस बाय दीडचे टायर, कॉटर पिनवर बसवलेली क्रँक, दांड्यांचे ब्रेक. लुधियान्यात तेच भाग ढिगाने बनत, एका कंपनीचा भाग दुसरीला चाले. नाना वाईला गेले काय नि अलिबागला गेले काय, पंक्चरवाल्याच्या पत्र्याच्या डब्यात त्यांच्या सायकलीचं सगळं सापडायचं. तुझ्या सायकलीत प्रत्येक जोडाला चार-चार पर्याय आहेत. भाग कितीही चांगला असो, त्याची सोयरीक कुणाशी जुळवायची आहे हे माहीत नसेल तर तो घरी पडून राहतो. या कपाटात माझे असे कितीतरी पडलेत.

मी : तुझीही चूक झाली होती?

मावशी : चूक लहान होती, पण झाली अवेळी. ३०० ची ब्रेव्हे होती, मुदत वीस तास. रात्री दहाच्या सुमाराला खंबाटकीच्या अलीकडे मागचं चाक बसलं. जवळ नवी ट्यूब होती, माप बरोबर. पण तिचा व्हॉल्व्ह मोटारसायकलीसारखा जाड, आणि माझ्या रिमला भोक बारीक फ्रेंच व्हॉल्व्हचं. जाड व्हॉल्व्हला साडेआठ मिलिमीटरचं भोक लागतं, बारीक व्हॉल्व्हचं भोक साडेसहाचं. दुकानदाराने विचारलं नव्हतं, मी खोका उघडून पाहिला नव्हता. टॉर्च दातांत धरून जुन्या ट्यूबमधला काटा शोधला, कानशीने रबर खरवडलं, सुलोचन लावलं...

मी : सुलोचन?

मावशी : सोल्यूशन रे. पंक्चरवाल्यांच्या तोंडी ते सुलोचनच. आणि ऐक, बहुतेक जण ते ओलं असतानाच पॅच दाबतात, म्हणून पॅच सुटतो. लावल्यावर हात लावला तरी बोटाला चिकटणार नाही इतकं सुकू द्यायचं, मग पॅच जोराने दाबायचा. चाळीस मिनिटं गेली त्यात. तेव्हापासून ट्यूब घेताना तीन गोष्टी बघते : व्यास, व्हॉल्व्हचा प्रकार, व्हॉल्व्हची लांबी. रिम खोल असेल तर आखूड व्हॉल्व्ह आतच राहतो, पंपाचं तोंड पकडतच नाही.

मी : आजोबांच्या सायकलीचा व्हॉल्व्ह तर या दोन्हींहून वेगळा होता. आत रबराची नळी असायची.

मावशी : वालट्यूब! तो डनलॉपचा जुना प्रकार. डनलॉपने १८८८ साली बेलफास्टमध्ये पोराच्या तीनचाकीसाठी हवेचा टायर केला, तिथून हा सगळा वंश सुरू झाला. वालट्यूब चार पैशांना मिळायची आणि कुणालाही बदलता यायची. मला अजून आवडते ती. बरं, तुझी चेन कशी आहे?

मी : चालते की. यादीत नाही ती.

मावशी : म्हणूनच विचारते. किती किलोमीटर झाले?

मी : चार हजारांच्या वर.

मावशी : आणि एकदाही मोजली नाहीस. लोक म्हणतात चेन ताणली जाते. लोखंड ताणलं जात नाही. प्रत्येक पिन आणि तिच्याभोवतीचा भाग झिजतो, केसाएवढी फट पडते, आणि शंभरावर फटी एकत्र आल्या की चेन लांब होते. लांब झालेली चेन दातांवर नीट बसत नाही, दाते खाते. चेन स्वस्त, मागची कॅसेट महाग, पुढचे दाते त्याहून महाग. वेळेवर चेन बदलणारा माणूस एका कॅसेटवर दोन-तीन चेनी वापरतो. उशीर करणाऱ्याला सगळं एकदम घ्यावं लागतं, कारण झिजलेल्या दातांवर नवी चेन उसळते.

मी : मोजायची कशी?

मावशी : साधी स्टीलची पट्टी पुरे. दोन पिनांमधलं अंतर बरोबर अर्धा इंच असतं. एका पिनच्या मध्यावर शून्य ठेवायचं आणि चोविसावी पिन बघायची. नवी असेल तर ती १२ इंचांच्या रेघेवर येते. रेघेच्या एक सोळांश इंच पुढे गेली तर झीज अर्धा टक्का. अकरा-बारा गिअरवाल्यांनी तिथेच बदलायची. तुझ्यासारख्या आठ गिअरच्या चेनला पाऊण टक्क्यापर्यंत थांबता येतं. एक अष्टमांश पुढे गेली, म्हणजे एक टक्का, तर कॅसेटचीही आशा सोड.

मी : आणि नवी आणताना कुठला आकडा?

मावशी : मागे किती चकत्या आहेत तो. आठ गिअरची चेन बाहेरून सुमारे सात मिलिमीटर रुंद, अकराची साडेपाचच्या आसपास. चकत्या वाढल्या तशा एकमेकींच्या जवळ आल्या, चेन अरुंद झाली. जाड चेन अकरा चकत्यांमध्ये घासत राहील. चेन जोडायची क्विक लिंकही त्याच आकड्याची घ्यायची. आणि तेल! तू कुठलं वापरतोस?

मी : घरात डब्ल्यूडी-४० असतं, ते मारतो.

मावशी : गंजलेली कडी मोकळी करायला आणि पाणी हटवायला ते उत्तम, त्याच्या नावातच पाणी हटवणं आहे. पण चेनला लागतं ते टिकणारं तेल. कोकणात पावसात जाणार असशील तर ओलं, दाट तेल. मार्च-एप्रिलच्या धुळीत तेच वापरलंस तर त्यात माती कालवली जाऊन घासकागद तयार होतो, तेव्हा मेणाचं कोरडं. थेंब आतल्या रोलरवर सोडायचा आणि बाहेरून पुसून टाकायचं. डिस्क ब्रेकजवळ मात्र स्प्रे मारायचा नाही. पॅडवर तेलाचा शिंतोडा उडाला की ब्रेक किंचाळतो, धरतही नाही, आणि पॅड बहुधा फेकावेच लागतात.

मी : पॅडसुद्धा जुळवून?

मावशी : आकार जुळवून. जुना पॅड खिशात घालून दुकानात जायचं, हा सगळ्यात खात्रीचा उपाय. माल दोन तऱ्हांचा : रेझिनचे शांत चालतात, पण लवकर झिजतात, धातुमिश्रित आवाज करतात, पण लांब उतारावर तापूनही धरून ठेवतात. मात्र काही डिस्कवर लिहिलेलं असतं की फक्त रेझिनच चालतील. वाचायचं. तुझ्या ब्रेकला केबल आहे, तर तिच्या आवरणाचं एक नीट लक्षात ठेव. ब्रेकच्या आवरणात तार गोल गुंडाळलेली असते, गिअरच्या आवरणात बारीक तारा सरळ लांबीने जातात. बाहेरून दोन्ही काळ्या नळ्या. घाईत कुणी गिअरचं आवरण ब्रेकला लावलं आणि वरंधा घाट उतरताना तू जोराने ब्रेक दाबलास, तर ते फाटू शकतं. कापलेलं टोक डोळ्यासमोर धरून बघितल्याशिवाय ब्रेकला आवरण लावू द्यायचं नाही. कुणी तुला शंकेखोर म्हटलं तरी चालेल.

मी : पेटीचं काय? चाळीस हत्यारं एकदम स्वस्तात मिळतायत.

मावशी : त्यातली तीस तुझ्या सायकलीला लागणारच नाहीत, आणि उरलेल्यांचं लोखंड मऊ असेल तर बोल्टची खाच गोल होईल. गोल झालेला ॲलन बोल्ट काढायला अख्खी दुपार जाते. तुला लागतात ४, ५ आणि ६ मिलिमीटरच्या चांगल्या ॲलन की, दोन टायर लिव्हर, चेन तोडायचं हत्यार, पेडलचा १५ चा पान्हा, आणि मीटर असलेला उभा पंप. पंपावर पैसे खर्च कर. अंगठ्याने दाबून हवा कळते असं सगळ्यांना वाटतं. मलाही वाटायचं, मीटर घेतल्यावर कळलं की कळत नाही.

मी : कॅसेट काढायचं हत्यारही घेऊ का?

मावशी : आधी बघ तुझ्या मागे कॅसेट आहे की फ्रीव्हील. दोन्हींची हत्यारं वेगळी. चकत्या उलट्या फिरव आणि मध्यभागी हत्यार बसतं त्या खाचांकडे बघ. खाचाही चकत्यांबरोबर फिरल्या तर कॅसेट, जागच्या जागी राहिल्या तर फ्रीव्हील. आणि पान्हा हातात आला की पहिल्याच दिवशी एक होईल, म्हणून सांगते : डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. ते घड्याळाच्या दिशेने फिरवलं की सुटतं. जोर लावून लावून उलट घट्ट करत बसू नकोस.

मी : लाल पेडलं घेऊ?

मावशी : आताची पेडलं मोकळी फिरतात ना? मग कशाला?

मी : सीटपोस्ट तरी. १८० ग्रॅम वाचतात.

मावशी : कागद घे. तू ७४ किलो, सायकल १३, पाणी आणि सामान ३. नव्वद झाले. नव्वदातले १८० ग्रॅम म्हणजे ०.२ टक्के. चढावर तू तासभर घाम गाळलास तर फार तर सात सेकंद वाचतील. त्या पैशात चेन, टायर, पॅड, पंप येऊन वर तेलाची बाटली येईल. शिवाय कार्बनला बोल्ट किती जोराने आवळायचा हे मोजणारा टॉर्कचा पान्हा हवा. स्टेमवर ५ न्यूटन-मीटर असं लिहिलेलं असतं ते शोभेला नाही. हाताच्या अंदाजाने आवळून चिरलेला कार्बन बाहेरून धड दिसतो आणि एक दिवस अचानक तुटतो. कार्बनचे बनावट भागही नामांकित कंपन्यांची नावं लावून विकले जातात. किंमत मनाला न पटण्याइतकी कमी असेल तर हात लावू नकोस.

मी : सीट कव्हर काढतो यादीतून, तुझा चेहराच सांगतोय.

मावशी : मऊ कव्हरात हाडं रुततात आणि मधल्या नाजूक भागावर दाब येतो. वीस मिनिटं बरं वाटतं, तीन तासांनी मुंग्या येतात. सीटची रुंदी बसायच्या दोन हाडांमधल्या अंतराशी जुळायला हवी. पॅडवाली चड्डी घे, आत दुसरं काही न घालता. आणि दिव्यांचं काय? पहाटे निघतोस ना?

मी : मागचा आहे. पुढचा मोबाइलचा टॉर्च...

मावशी : यादीत सगळ्यांत वर लिही. पुढे पांढरा, मागे लाल, आणि चमकणारा पट्टा. ब्रेव्हेत रात्री याशिवाय सोडत नाहीत, ते उगाच नाही. हेल्मेट मागच्या महिन्यात पडलास तेव्हा आपटलं होतं?

मी : थोडंसं. वरून काही दिसत नाही.

मावशी : आतला फोम दबला असेल, तो एकदाच काम करतो. नवीन घे. मोबाइल होल्डर राहू दे पुढच्या वर्षावर. चल, पट्टी घे, खाली जाऊ.

पार्किंगमध्ये उजेड कमी होता. मावशीने टॉर्च धरला, मी पट्टी लावली. चोविसावी पिन एक अष्टमांशाच्या रेघेच्या किंचित अलीकडे होती.

मावशी : थोडक्यात वाचलास. चेन या आठवड्यात. टायरवरचा आकडा वाच.

मी : ३५-६२२. म्हणजे माझं पाठ झालं.

मावशी : आता त्याच्याखाली आणखी एक ओळ लिही. ४०-६३५, दोन नग.

मी : ते तर आजोबांच्या सायकलीचे!

मावशी : हो. ट्यूब आणल्यात मी, वालट्यूबही. कॉटर पिन जुनी सोबत नेऊन जुळवून आणली. मागच्या चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, परवाच काढला. फक्त टायर राहिलेत.