हिमस्खलन : संकेत आणि सावधगिरी

हिवाळ्यात हिमालयाच्या उंच भागात वावरणाऱ्यांना मोठा धोका असतो तो हिमस्खलनाचा. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तराखंडातील द्रौपदी का दांडा शिखरावर नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या प्रशिक्षण पथकातील २९ जणांचा बळी गेला. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी चमोली जिल्ह्यात माणा गावाजवळ रस्तेबांधणीच्या छावणीवर बर्फ कोसळून ५४ कामगार गाडले गेले. त्यांपैकी ८ जण दगावले. या भागासाठी हिमस्खलनाचा इशारा आदल्या सायंकाळीच देण्यात आला होता. इशारा मिळणे आणि तो मानला जाणे, यांतील अंतरच प्राणघातक ठरते.

बर्फ का कोसळते?

डोंगरउतारावर बर्फ थराथराने साचते. दीर्घकाळच्या कडक थंडीत खालच्या थराचे कण जाडसर साखरेसारखे सुटे होतात. त्यावर नवे किंवा वाऱ्याने वाहून आणलेले बर्फ घट्ट लादीप्रमाणे बसते. खालचा ठिसूळ थर हा भार पेलू शकला नाही, की संपूर्ण लादी तुटून घसरते. पुष्कळदा अखेरचा भार पडतो तो उतारावर पाऊल ठेवणाऱ्या प्रवाशाचाच. म्हणूनच अशी दुर्घटना केवळ दैवाधीन मानता येत नाही.

धोक्याच्या खुणा

३० ते ४५ अंशांचे उतार विशेष धोक्याचे असतात. शाळेतील कोनमापकास दोरा व लहानसे वजन बांधले, तरी उताराचा अंदाज घेता येतो. नुकतीच झालेली जोराची हिमवृष्टी, वाऱ्याने साचलेले ढीग, अचानक वाढलेली उष्णता, शेजारच्या उतारावरील ताजी घसरण, पायाखाली बर्फ खचल्याचा 'धप्प' आवाज व पसरत जाणाऱ्या भेगा, यांपैकी एकही खूण दिसताच मागे फिरावे.

प्रवासाचे नियम

निघण्यापूर्वी संरक्षण संशोधन व विकास संघटनेच्या चंडीगड येथील संस्थेचे इशारे पाहावेत आणि स्थानिक जाणकारांचा सल्ला घ्यावा. तीव्र उतार व त्यांच्या पायथ्याची घळ टाळावी. उतार ओलांडणे अटळच असेल, तर एका वेळी एकानेच जावे. इतरांनी सुरक्षित जागी थांबून त्याच्यावर लक्ष ठेवावे. तंबू उताराखाली कधीही ठोकू नये.

प्रत्येकाजवळ संदेश देणारा-घेणारा ट्रान्सीव्हर, शोधकाठी व फावडे असावे आणि ते वापरण्याचा सरावही असावा. गाडल्या गेलेल्या व्यक्तीस पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढल्यास जगण्याची शक्यता बरीच असते. अर्ध्या तासानंतर ती फार कमी होते. बाहेरून मदत येण्यास याहून अधिक वेळ लागतो. त्यामुळे सोबतीच खरे तारणहार ठरतात.

महाराष्ट्रातून अनेक तरुण हिवाळ्यात हिमालयाच्या पदभ्रमणास जातात. सह्याद्रीतील सरावाने पायांत बळ येते. बर्फाची पारख मात्र त्यातून येत नाही. विद्यार्थ्यांची तुकडी पाठविणाऱ्या शिक्षकांनी व गावकारभाऱ्यांनी आयोजकांना एक प्रश्न अवश्य विचारावा : धोका दिसल्यास परत फिरण्याचा निर्णय कोण घेणार? त्याचे स्पष्ट उत्तर मिळाल्यावाचून संमती देऊ नये.