टॉवर स्पीकर पारखण्याआधी कानाची तपासणी

जमिनीवर थेट उभे राहणारे, साधारण कमरेइतक्या किंवा त्याहून थोड्या अधिक उंचीचे आणि एकाच खोक्यात खर्जासाठी वूफर व तार स्वरांसाठी ट्वीटर सामावणारे जे स्पीकर बाजारात ‘टॉवर स्पीकर’ म्हणून ओळखले जातात, त्यांची पारख करताना पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातील ग्राहकाची एक ठरावीक गफलत होते. दिवसभर ड्रॉइंगवरचा टॉलरन्स, म्हणजे मापात चालू शकणारी तफावत, पाहून जॉब पास किंवा रिजेक्ट करणारा माणूस स्पीकरच्या बाबतीतही आधी माहितीपत्रकातील आकड्यांवर विसंबतो, आणि आकडे पुरेसे बोलत नाहीत असे लक्षात आले की दुसऱ्या टोकाला जाऊन शोरूममध्ये पाच-दहा मिनिटे ऐकलेल्या गाण्यावर सगळा निर्णय सोपवतो. कॅलिब्रेशनची मुदत टळलेला व्हर्नियर हाच माणूस कारखान्यात हातातही धरत नाही.

आकडे खोटे असतात असे नाही. ते अर्धवट असतात. पत्रकावर ‘३८ हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ’ असे छापलेले असते. हर्ट्झ म्हणजे एका सेकंदातील कंपनांची संख्या, आणि ती जितकी कमी तितका स्वर खर्जातला. परंतु ३८ हर्ट्झला आवाज मधल्या पट्टीच्या तुलनेत ३ डेसिबलने उतरतो की १० डेसिबलने, हे लिहिलेले नसेल तर तो आकडा टॉलरन्स न दिलेल्या मापासारखा निरुपयोगी ठरतो. रोधाचेही, म्हणजे स्पीकर विद्युतप्रवाहाला करतो त्या अडथळ्याचेही, तसेच आहे. आयईसी ६०२६८-५ या मानकानुसार स्पीकरचा किमान रोध नाममात्र रोधाच्या ८० टक्क्यांखाली जाऊ नये, म्हणजे ८ ओहमच्या स्पीकरला ६.४ ओहमची मर्यादा येते. प्रत्यक्षात ८ ओहम म्हणून विकले जाणारे कित्येक टॉवर स्पीकर खर्जात ४ ओहमच्या आसपास उतरतात आणि लहान अ‍ॅम्प्लिफायरला धाप लागते. संवेदनशीलता, म्हणजे २.८३ व्होल्ट दिल्यावर एक मीटर अंतरावर मिळणारा आवाज, हा आकडा मात्र नीट वाचण्याजोगा आहे, कारण फसगतीचे एक मोठे कारण त्यात दडलेले असते. एक जोडी ८७ डेसिबलची आणि दुसरी ९१ डेसिबलची असेल, तर व्हॉल्यूमचे बटण न हलवता दोन्ही ऐकवल्यास दुसरी ४ डेसिबलने मोठी वाजते, आणि किंचित मोठा आवाज कानाला ‘मोठा’ न वाटता ‘चांगला’, ‘मोकळा’, ‘भरीव’ वाटतो. पहिल्या जोडीला बरोबरीस आणण्यासाठी सुमारे अडीच पट वॅट द्यावे लागतात, आणि ते दिल्यावर श्रेष्ठत्वाचा निर्णय पुष्कळदा उलटतो.

आवाजाची पातळी जुळवल्याखेरीज तुलना करू नये, हा म्हणून पहिला नियम. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. सर्व सप्तकांत सारखी ऊर्जा असलेला जो सळसळता चाचणी-आवाज ‘पिंक नॉइज’ म्हणून मिळतो तो वाजवून, श्रोता बसतो त्याच जागी फोन धरून, त्यावरील ध्वनिमापक अ‍ॅपने दोन्ही जोड्या अर्ध्या डेसिबलच्या आत आणता येतात. फोनचा आकडा निरपेक्ष अर्थाने चुकीचा असला तरी चालतो, कारण येथे फक्त फरक मोजायचा असतो.

यापुढचा भाग चाकणच्या गुणवत्ता विभागात नोकरी केलेल्यास समजावून सांगावा लागत नाही. मोटार-उद्योगाच्या सुट्या भागांच्या कारखान्यात ‘गेज आर अँड आर’ नावाची पद्धत रुळलेली आहे: तेच जॉब, तेच मापनयंत्र, दोन-तीन ऑपरेटर, प्रत्येकाने प्रत्येक जॉब न सांगता पुन्हा पुन्हा मोजायचा, आणि मोजमापातील तफावत जॉबमुळे किती व मोजणाऱ्यामुळे किती हे वेगळे काढायचे. मोजण्यामुळे येणारी तफावत १० टक्क्यांच्या आत असेल तर मापनप्रणाली स्वीकारार्ह मानतात, ३० टक्क्यांच्या वर गेली तर नाकारतात, आणि मधल्या पट्ट्यात परिस्थिती पाहून ठरवतात. स्पीकर ऐकताना मापनयंत्र म्हणजे श्रोत्याचा कान, आणि त्याची अशी तपासणी बहुधा कोणी करत नाही. ती करण्याची रीत सोपी आहे. स्पीकरपुढे पातळ सुती कापड टांगावे, घरातील दुसऱ्या कोणी तारा बदलाव्यात, आणि मधूनच न बदलता ‘बदलल्या’ असे सांगावे. श्रोत्याने दरवेळी आपले मत व गुण कागदावर लिहावेत. तीच जोडी दुसऱ्यांदा ऐकताना सातावरून चारावर गुण आले, तर त्या दिवशी त्या कानाच्या निर्णयावर पैसे खर्च करू नयेत. प्रस्तुत लेखकाने ही चाचणी गुणवत्ता विभागातील सहकाऱ्यांवर करून पाहिली तेव्हा सर्वाधिक आत्मविश्वासाने बोलणाऱ्यांचे गुणच सर्वाधिक डळमळले. उलट ज्यांनी ‘फरक कळला नाही’ असे प्रांजळपणे लिहिले त्यांचे आकडे स्थिर राहिले.

असे पडद्याआड ऐकण्याला शास्त्रीय आधारही आहे. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत स्पीकरचे मापन आणि श्रोत्यांची पसंती यांवर मूलभूत काम केलेले फ्लॉइड टूल पुढे अमेरिकेतील हरमन कंपनीत गेले, आणि तेथे त्यांनी शॉन ऑलिव्ह यांच्यासह १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात त्याच कंपनीच्या चाळीस कर्मचाऱ्यांना चार स्पीकर आधी पडद्याआड आणि नंतर डोळ्यांसमोर ऐकवले. पडद्याआड चांगले गुण मिळवणारा लहान, स्वस्त संच समोर दिसताच घसरला आणि दिसायला भारदस्त स्पीकर वर गेले. स्पीकरची जागा बदलल्याने आवाजात जो फरक पडतो तोही, डोळे उघडे असताना, श्रोत्यांच्या फारसा लक्षात येईना. याच हरमनचा मोटारींच्या ध्वनियंत्रणांचा कारखाना २०१४ पासून चाकणमध्ये आहे. पट्ट्यातील कित्येकांना त्याची ओळख निव्वळ कंपनीच्या बसच्या पाटीवरील नावापुरती असावी.

ऐकायचे काय, हा प्रश्न मराठी घरात परदेशी चाचणी-गाण्यांच्या यादीवर सोडण्याचे कारण नाही. मूळ आवाज कानाला ठाऊक असेल तरच नक्कल ओळखता येते, आणि देहू-आळंदीच्या मधोमध वसलेल्या या पट्ट्यात टाळ-मृदंगाचा ध्वनिवर्धकाविना आवाज न ऐकलेला माणूस विरळा. टाळाचा नाद निकृष्ट ट्वीटरवर पत्र्यासारखा किणकिणतो किंवा लगेच विझतो. चांगल्यावर आघात आणि त्यामागची लांबत जाणारी झणक अशा दोन वेगळ्या गोष्टी ऐकू येतात. मृदंगाच्या धुमेला, म्हणजे डाव्या तोंडाला, लावलेल्या कणकेमुळे तिचा आवाज खोल तरीही आटोपशीर असतो, आणि सैल वूफर नेमका तो आटोपशीरपणा गमावतो. शाईच्या, म्हणजे मधोमध काळा लेप दिलेल्या, तोंडाचे वैशिष्ट्य म्हणजे शाईमुळे चामड्याचे उपस्वर मूळ स्वराच्या पूर्ण पटींत बसतात, ही गोष्ट चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२० मध्ये दाखवून दिली; मध्यपट्टीत क्रॉसओव्हर, म्हणजे स्वर वूफर व ट्वीटर यांत वाटून देणारे मंडल, नीट जुळलेले नसेल तर हे उपस्वर विस्कटतात आणि ‘ता’चा सूर ओळखू येईनासा होतो. तंबोऱ्याची जवारीही अशीच कसोटी पाहते, आणि ती एकटीच दोन मिनिटे ऐकावी.

डग्गा मात्र स्पीकरइतकीच खोलीची परीक्षा घेतो. मोशी, रावेत, वाकड या भागांतील नव्या इमारतींत विटांऐवजी अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या काँक्रीटच्या भिंती असतात, खाली व्हिट्रिफाइड टाइल, एका बाजूला गॅलरीची काच. अशा कडक भिंती खर्जाला बाहेर जाऊ देत नाहीत, तो परत खोलीत फेकतात. १६ फूट लांब आणि ११ फूट रुंद दिवाणखान्यात पहिले अनुनाद लांबीमुळे सुमारे ३५ हर्ट्झला आणि रुंदीमुळे ५१ हर्ट्झला पडतात, आणि त्यांच्या पटीही जाग्या होतात. प्रस्तुत लेखकाच्या मोशीतील सदनिकेत, शोरूममध्ये निर्दोष वाजलेल्या एका जोडीवर, तबलजी मनगटाचा दाब सरकवत डग्ग्याचा स्वर खालून वर नेई तेव्हा तो स्वर सरळ चढण्याऐवजी मध्येच एका बिंदूवर फुगे, तेथे खिडकीची सरकती काच थरथरे, आणि पुढच्याच क्षणी आवाज पडे. दोष स्पीकरचा नव्हता. जोडी भिंतीपासून पुढे ओढल्यावर आणि भिंतीला टेकलेला सोफा दोन फूट पुढे घेतल्यावर फुगवटा निम्म्याहून कमी झाला, कारण या अनुनादांचा दाब भिंतीलगत सर्वाधिक असतो. गालिच्याने त्यात काही फरक पडत नाही. तो तार स्वर शोषतो, खर्ज नाही. म्हणूनच, अनामत ठेवून का होईना, चार दिवस स्पीकर घरी वाजवून पाहू देणारा दुकानदार दहा टक्के सूट देणाऱ्यापेक्षा परवडतो.

गादीवर बसून ऐकण्याची सवय असलेल्या घरांत आणखी एक बाब तपासावी. टॉवर स्पीकरचा ट्वीटर खुर्चीतील श्रोत्याच्या कानाच्या पातळीला बसवलेला असतो. भारतीय बैठकीत कान त्याच्या खाली येतो आणि गायकाचा आवाज किंचित पोकळ होतो. तळाशी असलेले पुढचे खिळे थोडे आत घेऊन स्पीकर पुढे झुकवला की बहुधा भागते.

शिफ्ट संपवून रात्री ऐकणाऱ्याने स्पीकर रात्रीच्याच आवाजात पारखावा. आवाज कमी केला की कानाची खर्जासंबंधीची जाणीव इतर स्वरांपेक्षा अधिक घटते, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये मोजून दाखवले. निवासी भागासाठी रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेची मर्यादा ४५ डेसिबलची आहे, आणि शेजारी त्याच काँक्रीटच्या पलीकडे राहतात. मोठ्या आवाजात दणदणीत वाटलेली जोडी येथे रोडावते, आणि शोरूममध्ये जरा जड वाटलेली नेमकी बसते. महागड्या तारांविषयी इतकेच पुरे की पुरेशा जाडीची साधी तांब्याची तार पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळते.

जुनी जोडी घेताना वूफरच्या शंकूभोवतीचे कडे हाताने पाहावे. ते फोमचे असेल तर आपल्याकडील उष्म्यात आणि पावसाळी दमटपणात दहा-पंधरा वर्षांत त्याचा भुगा होतो. रबराचे अधिक टिकते. अ‍ॅम्प्लिफायर बंद ठेवून चारही बोटांनी शंकू समान दाबाने हळूच आत ढकलावा, आणि घासल्याचा बारीकसा आवाज आला तर आतील वेटोळे चुंबकाच्या फटीत सरकलेले आहे असे समजून भाव पाडण्याऐवजी सौदाच सोडावा.