जुळणीआधी

चि. सई,


तू पाठवलेली यादी दोनदा वाचली. बारावीचा अभ्यास सांभाळून सॉकेट, चिपसेट, वॉट यांत एवढं डोकं घातलंस, याचं मनापासून कौतुक वाटलं. यादीतला प्रत्येक भाग दुसऱ्यात बसतो, मशीन चालूही होईल. पण एक जोडी अशी पडली आहे की कार्डाचे पैसे पूर्ण जातील आणि काम पूर्ण मिळणार नाही. वर स्क्रीनवर कुठलाही एरर येणार नाही, त्यामुळे चूक कुठे आहे ते तुला कधी कळणारही नाही. म्हणून पैसे भरण्याआधी हे पत्र वाच.

ती जोडी म्हणजे रायझन ५ ५५०० हा प्रोसेसर आणि आरएक्स ६५०० एक्सटी हे ग्राफिक्स कार्ड. मदरबोर्डवरचा कार्डाचा स्लॉट लांबीने सोळा लेनचा असतो, पण हे कार्ड त्यातल्या चारच लेन वापरतं. पीसीआय एक्सप्रेसच्या चौथ्या पिढीत चार लेनमधून सेकंदाला साधारण आठ जीबी माहिती जाते, तेवढ्यावर त्याचं भागतं. ५५०० मात्र तिसऱ्याच पिढीचा वेग देतो. मग त्याच चार लेनमधून चारच जीबी जाणार. त्यात कार्डाची स्वतःची मेमरी फक्त ४ जीबी. आजच्या मोठ्या गेमचे टेक्स्चर त्यात मावत नाहीत, ते रॅममधून पुन्हा पुन्हा आणावे लागतात आणि आणायची वाट ही एवढीशी. सरासरी फ्रेम ठीक दिसतील, पण वळणावर, गोळीबारात, गर्दीत खेळ अडखळेल, आणि तू उगाच विंडोज आणि ड्रायव्हरला दोष देत बसशील.

शिवाय तुला खेळ रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकायचे आहेत ना? या कार्डात व्हिडिओ एन्कोडरच नाही. सगळा भार प्रोसेसरवर पडेल.

त्यापेक्षा आरएक्स ६६०० घे. त्याला ८ जीबी मेमरी आहे, आठ लेन आहेत आणि एन्कोडरही आहे. नवं परवडत नसेल तर बिल आणि वॉरंटी शिल्लक असलेलं जुनं चालेल, पण दुकानात चालवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नकोस. प्रोसेसर जमलं तर ५६०० घे. कॅश दुप्पट, म्हणजे १६ ऐवजी ३२ एमबी, आणि गेमना त्याचा उपयोग होतो. पण दोन्ही वाढवणं बजेटमध्ये बसत नसेल तर कार्ड वाढव आणि प्रोसेसर ५५०० च राहू दे. आठ लेन आणि ८ जीबी असल्यावर तिसऱ्या पिढीची अडचण फारशी जाणवत नाही. गेमिंग मशीनमध्ये कार्ड आधी ठरवायचं, बाकीचे भाग त्याच्या मागून यायचे, हे माझं ठाम मत आहे. दोन्ही प्रोसेसरांत अंगचं ग्राफिक्स नाही, तेव्हा मॉनिटरची केबल कार्डालाच लाव. बोर्डाच्या एचडीएमआयला लावलीस तर पडदा काळाच राहील.

बी४५० बोर्ड स्वस्त आहे, आणि वाईट नाही. पण तो २०१८ सालचा, आणि ५००० मालिकेचे प्रोसेसर २०२० च्या अखेरीपासूनचे. बोर्डातलं बायोस जुनं असेल तर पंखे फिरतील आणि स्क्रीनवर काही येणार नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर बोर्ड घेताना आम्ही पहिला प्रश्न हाच विचारतो, बायोस अपडेट केलंय का? तूही विचार. दुकानदार करून देत असेल तर उत्तम, नाहीतर प्रोसेसर न लावता पेन ड्राइव्हवरून बायोस भरायची सोय असलेला बोर्ड बघ. प्रोसेसर बॉक्समधलाच घे. सुटा, ट्रेमधला स्वस्त मिळतो, पण त्याबरोबर कूलर येत नाही आणि वॉरंटीचाही घोळ असतो.

रॅमची १६ जीबीची एक पट्टी लिहिली आहेस. ८ च्या दोन घे, म्हणजे दोन्ही चॅनल वापरात येतील. चार स्लॉट असतील तर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्यात लाव, आणि बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी चालू कर. नाहीतर ३२०० ची रॅम बऱ्याचदा २१३३ किंवा २६६६ वरच चालत राहते. आणि हो, डीडीआर४ च. या प्रोसेसरांच्या सॉकेटला डीडीआर५ चालत नाही, पट्टीची खाचच वेगळ्या जागी असते.

आता एसएमपीएस. कॅबिनेटबरोबर फुकट येणारा ४५० वॉटचा तू धरला आहेस. त्यावर मोठ्या अक्षरात छापलेल्या आकड्याकडे बघू नकोस, बाजूचं स्टिकर बघ. +१२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर लिहिलेत? समजा १८. बारा अठरे २१६. म्हणजे त्या लाइनवर २१६ वॉटच मिळणार, आणि कार्ड व प्रोसेसर दोघंही जगतात ते त्याच लाइनवर. ६६०० ला १३२ वॉट लागतात, प्रोसेसर ७६ पर्यंत जातो. झाले २०८. पंखे, डिस्क अजून बाकी, आणि कार्ड क्षणभर उसळी मारतं ती वेगळीच. असा एसएमपीएस एकटा जळत नाही, बोर्ड आणि कार्डही घेऊन जातो. चांगल्या कंपनीचा ५५० वॉटचा घे, +१२ व्होल्टला ४० च्या वर अँपिअर आणि कार्डासाठी आठ पिनची स्वतःची केबल असलेला. जुन्या चार पिनच्या वायरीला कन्व्हर्टर लावून कार्ड चालवायचं नाही. यासाठी पैसे कमी पडले तर कॅबिनेटमधल्या रंगीत लाइट काढून टाक.

तुमच्या घरातलं वायरिंग जुनं आहे. संगणकाच्या खोलीतल्या सॉकेटला खरंच अर्थिंग आहे का, ते इलेक्ट्रिशियनकडून आधी तपासून घे. नसेल तर कॅबिनेटला हात लावताच झिणझिण्या येतील. भाऊजींचा ६०० व्हीएचा यूपीएस ६०० वॉटचा नसतो; असे यूपीएस बहुधा ३६० वॉटच्या आसपासचे असतात. मॉनिटर धरून खेळताना तो काठावर येईल, तेव्हा सध्या फक्त मशीन नीट बंद करण्यापुरता त्याचा भरवसा धर.

कॅबिनेट पुढून जाळीचंच घे, काचेचं नको. तुमच्या अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, आणि खोलीतलीच हवा गरम असेल तर पंखा तरी काय गार करणार.

सुधारलेली यादी पाठवताना कार्डाची लांबी आणि कॅबिनेटमध्ये कार्डाला मिळणारी जागा, दोन्ही मिलिमीटरमध्ये लिही. एसएमपीएसच्या स्टिकरचा फोटोही हवा. सगळं पाहून मी उलट कळवेन, तोपर्यंत कुठेही अॅडव्हान्स देऊ नकोस.

ताईला आणि भाऊजींना नमस्कार.

तुझा,
मामा