भ्रमणध्वनी : घराची नवी किल्ली

गावाला जाताना घराची किल्ली शेजारी ठेवण्याची आपली जुनी रीत. पाहुणे अवेळी आले, तर शेजारच्या काकू दार उघडून देत. आता हेच काम भ्रमणध्वनी करू लागला आहे. बंगल्याचे फाटक असो वा गोदामाचे दार, मालक परगावी असला तरी ते उघडता येते. ही सोय कशी चालते आणि ती वापरताना कोणते भान ठेवावे, हे पाहू.

फाटकाच्या मोटारीजवळ एक छोटी पेटी बसवतात. तिच्यात सिमकार्ड असते आणि परवानगी दिलेल्या क्रमांकांची यादी साठवलेली असते. आपण तिला फोन करताच ती आपला क्रमांक यादीशी ताडून पाहते. तो जुळला, तर फोन न उचलताच तोडते व मोटार सुरू करते. फोन उचललाच जात नसल्याने संभाषणाचे शुल्क पडत नाही. शेतातला पंप ‘मिस्ड कॉल’ देऊन सुरू करणारे शेतकरी हेच तत्त्व वापरतात. नव्या यंत्रणा इंटरनेट व ॲपच्या साहाय्याने चालतात.

येथे यादीतला प्रत्येक क्रमांक ही एक किल्लीच होय. भाडेकरू घर सोडताना लोखंडी किल्ली परत करतो. यादीतला क्रमांक मात्र आपण काढेपर्यंत तसाच राहतो. म्हणून नोकर वा भाडेकरू गेला, की त्याच दिवशी त्याचा क्रमांक वगळावा. शिवाय फोन करणाऱ्याचा क्रमांक बनावट दाखवता येतो. बँकेचा लॉकर उघडण्यास ग्राहकाची आणि बँकेची अशा दोन किल्ल्या लागतात. त्याच न्यायाने फाटक फोनने उघडले, तरी घराच्या दाराला स्वतंत्र कुलूप असावे.

दूरवरून आज्ञा देणाऱ्यास फाटकाशी खेळणारे मूल दिसत नाही. वाटेत कोणी आल्यास फाटक थांबवणारा संवेदक बसवणे म्हणूनच अत्यावश्यक आहे. वीज गेल्यास फाटक हाताने उघडण्याची सोय घरातील ज्येष्ठांनाही ठाऊक असावी. पेटीतील सिमकार्डाचे रिचार्ज विसरू नये. जुन्या पेट्या बहुधा २जी सेवेवरच चालतात. सिमकार्ड घेताना ती सेवा मिळते का, याची खात्री करावी.

फोन हरवल्यास सिमकार्ड तत्काळ बंद करावे, यादीतून क्रमांक काढावा आणि बँकेलाही कळवावे. कारण व्यवहाराचा ओटीपी त्याच क्रमांकावर येतो. २०२३ साली सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावरून हरवलेला संचही निकामी करता येतो.

किल्ली कोणाकडे आहे, हे पूर्वी घरातल्या प्रत्येकास ठाऊक असे. आता महिन्यातून एकदा ती यादी उघडून वाचली, तरी तेवढेच साधेल.