सकाळचा धूर दुपारी जातो कुठे?

प्रश्न : आम्ही विश्रामबागला राहतो. दिवाळी सरली की पहाटे दार उघडताच जळकट वास येतो. गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी काजळी पडलेली असते. दुपारी मात्र आभाळ स्वच्छ, आणि पावसाळ्यात तर यातलं काहीच नसतं. साखर कारखाने दिवसरात्र चालतात, मग त्रास सकाळीच का? आमचं सकाळचं फिरणं बंद करावं का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : पहाटे धूर जास्त निघतो असं नाही. आदल्या संध्याकाळपासूनचा धूर पहाटेपर्यंत अडकून पडलेला असतो.

दिवाळीनंतर आभाळ निरभ्र होतं आणि रात्री जमीन भराभर निवते. तिच्या लगतची हवा गार आणि जड होते, तर वरच्या थरात तुलनेनं उबदार हवा राहते. एरवी वर जावं तशी हवा थंड होत जाते, इथे नेमकं उलटं घडतं. या उबदार थराखालून गार हवेला वर चढता येत नाही, तिच्यातल्या धुरालाही नाही. वाराही पडलेला असतो. त्यात सांगली कृष्णाकाठची, सखल, आणि भोवती पाणी पाजलेला ऊस. हवेतली ही ओल धुराच्या कणांवर धरते आणि धुकं जास्तच दाट दिसतं. ऊन चढलं, जमीन तापली की साधारण नऊ-दहाच्या सुमारास हा थर मोडतो आणि धूर वरच्या हवेत पांगतो. तो नाहीसा होत नाही, फक्त विरळ होतो.

एप्रिल-मेमध्ये वीटभट्ट्या चालू असतात, धूळही उडते. पण तेव्हा दुपारची हवा दोनेक किलोमीटर उंचीपर्यंत घुसळली जाते, म्हणून धूर तुंबत नाही. पावसाळ्यात गाळप बंद, रान ओलं, समुद्रावरून येणारा वारा आणि वरून सरी.

आता तुमच्या कपड्यांवरची काजळी. ती बहुतेक पाचटाची. ऊस तुटून गेला की रानात हेक्टरी आठ ते दहा टन वाळलेला पाला उरतो. खोडव्याला, म्हणजे त्याच बुडख्यांतून पुन्हा फुटणाऱ्या उसाला, लवकर पाणी सोडायचं, उंदीर-सापांची भीती, सरीत पाणी तुंबतं, पाला गोळा करायला मजूर मिळत नाही. म्हणून काडी लावली जाते. काही ठिकाणी तोड लवकर व्हावी म्हणून उभा ऊसच पेटवतात. त्यात तोडणी टोळीचे वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, जळतात; तेही विकून टोळीला चार पैसे मिळत असतात. आणि धुरात सर्वांत जवळ उभे असतात ते तोडणी कामगार आणि त्यांची पोरं. शहराच्या तक्रारीत त्यांचा उल्लेख क्वचितच येतो, याचं मला फार वाईट वाटतं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. पाचट बहुतेकदा संध्याकाळी पेटवतात, कारण वारा पडलेला असतो आणि आग शेजारच्या फडात जात नाही. शेतकऱ्याच्या बाजूनं हे शहाणपणाचंच. पण नेमक्या त्याच वेळी वरच्या उबदार हवेचं झाकण बसायला लागतं. तोच पाला भर दुपारी जळता तर धूर बराचसा वर गेला असता, पण मग आग आवरली नसती. म्हणून वेळ बदलून हा प्रश्न सुटत नाही, पाचट जाळणंच थांबवावं लागतं.

पंजाबात भाताचा पेंढा ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या थोड्या आठवड्यांत जळतो, त्यामुळे दिल्लीची बातमी होते. आपल्याकडे गाळप चार-पाच महिने चालतं. रोज थोडं इथं, थोडं तिथं. बातमी होण्याइतका एकही दिवस येत नाही, पण छातीला रोजचा हिशेब लागतो.

अर्थात सगळा दोष उसावर टाकणं अन्याय होईल. गुऱ्हाळाच्या चुलवाणात चिपाडं जळतात, कारखान्याच्या बॉयलरला बगॅस लागतो, आणि शहरात वाहनं, रस्त्यावरची धूळ, कोपऱ्या-कोपऱ्यावर पेटवलेला कचरा आहेच. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात सांगली आणि कोल्हापूर ही दोन्ही शहरं आहेत.

काजळी डोळ्यांना दिसते म्हणून तिची धास्ती वाटते. खरा त्रास अडीच मायक्रॉनहून बारीक कणांचा, केसाच्या जाडीच्या वीस-पंचवीसाव्या हिश्शाएवढ्या. ते नाकात अडत नाहीत, फुप्फुसात खोल उतरतात. चोवीस तासांच्या सरासरीसाठी आपल्याकडची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ पासून १५.

पाचटाला मार्ग आहे. एका आड एक सरीत ते पसरायचं, बुडखे जमिनीलगत छाटायचे, पाचटावर युरिया, सुपर फॉस्फेट आणि कुजवणारे जिवाणू टाकायचे. तण कमी येतं, ओल टिकते, सेंद्रिय कर्ब वाढतो. कुट्टी यंत्र असलं तर काम सोपं, पण ते लहान शेतकऱ्याला परवडणारं नाही. ते कारखान्यानं किंवा सोसायटीनं भाड्यानं पुरवायला हवं.

फिरणं बंद करू नका, नोव्हेंबर ते फेब्रुवारी वेळ बदला. पहाटे पाचऐवजी ऊन चढल्यावर, दहाच्या पुढे निघा, किंवा दुपारी चारच्या सुमारास. घराच्या खिडक्या दुपारी उघडा आणि दिवेलागणीला लावून घ्या. घरात दम्याचा रुग्ण किंवा लहान मूल असेल तर पहाटे त्यांना बाहेर नेऊ नका. तोंडावर बांधलेला रुमाल धूळ अडवतो, हे बारीक कण अडवायला एन-९५ मुखपट्टीच लागते.