संघाच्या ऑफिसचा जुना सर्व्हर बदलताना

ताईंनो, आपल्या सगळ्या गटांची बचत, कर्ज, हप्ते यांचा हिशेब संघाच्या ज्या मुख्य कॉम्प्युटरवर राहतो, तो सर्व्हर. त्यावर विंडोज १० असेल, तर १४ ऑक्टोबर २०२५ पासून त्याचे नेहमीचे सुरक्षा अपडेट बंद झालेत. पुण्याला खरेदीला जायच्या आधी एवढं करा.

१. आधी सगळ्या हिशेबाची नक्कल बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या. ती दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा.

२. एकाच वेळी किती जणी काम करतात ते मोजा. एक-दोघीच असतील तर साधा डेस्कटॉप पुरतो. चार-पाच जणी असतील तर दोन डिस्कचा छोटा सर्व्हर घ्या. एक डिस्क बिघडली तरी काम चालू राहतं. पण चुकून पुसलेली नोंद दोन्हींवरून जाते, म्हणून बाहेरची नक्कल हवीच.

३. तपकीर गल्लीत जा नाहीतर मोठ्या दुकानात, तीन कोटेशन आणा. जीएसटी, यूपीएस, विंडोजचं लायसन्स त्यात धरलंय का? बिघडल्यावर माणूस ऑफिसात येईल, की आपणच मशीन न्यायचं? आपलं हिशेबाचं सॉफ्टवेअर त्यावर चालेल ना? सगळं लेखी घ्या.

४. महिनाभर जुना-नवा दोन्ही चालवा. आकडे जुळल्यावरच जुन्याची डिस्क पूर्ण पुसून तो ई-कचऱ्यात द्या. पुणे शहरात 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था ई-कचरा घेते.

कर्ज फेडलेल्या ताईच्या नावावर पुन्हा थकबाकी दिसायला नको. पुढच्या मासिक बैठकीत विचारा : आपली शेवटची नक्कल कधी घेतली?